आईची झोप, दादाने आणलेल्या बाल्ड्रिअनच्या गोळ्या आणि अंगणातली तगर

मागच्या वर्षी गणपतीत दादा जर्मनीहून आला तेव्हा बॅगेत नेहमीची चॉकलेटं होती आणि आईसाठी एक डबी होती, बाल्ड्रिअनची. बाल्ड्रिअन म्हणजे व्हॅलेरिअन, झोपेसाठी घेतात त्या वनस्पतीच्या मुळाचा अर्क. तिकडे हे मेडिकलमध्ये तर मिळतंच पण साबण-शांपूच्या दुकानातही मिळतं, गोळ्या, थेंब, चहाच्या पुड्या सगळं, आणि परीक्षेचं टेन्शन असलं किंवा झोप येत नसली की लोक सहज घेतात. दादाने चांगल्या मनाने आणलं होतं हे आधीच सांगते कारण पुढे जे झालं त्यात त्याला खूप अपराधी वाटलं आणि चूक त्याच्या एकट्याची नव्हतीच, आम्हा दोघांची होती. आईसारख्या बायका मला आता ओळखीत तीन-चार दिसतात, एकट्या राहणाऱ्या, झोप उडालेल्या, उशाशी एक स्ट्रिप असलेल्या, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय.

आई ६४ वर्षांची, साताऱ्याला राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बीपीची एक गोळी आणि गुडघेदुखी सोडली तर तब्येत चांगली. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. बाबा गेल्यावर तिची झोप पार गेली होती तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलाम नावाची झोपेची गोळी दिली, पॉइंट टू फाइव्ह मिलिग्रॅमची, पंधरा दिवस घ्या म्हणाले. ते पंधरा दिवस संपलेच नाहीत. मधे कधीतरी पॉइंट टू फाइव्हची पॉइंट फाइव्ह झाली, कशी झाली ते तिलाही नीट आठवत नाही. खरं तर ही गोळी शेड्यूल एच-वन मधली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ठेवायचं असा नियम आहे, पण ओळखीच्या दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर स्ट्रिप येत राहिली. आणि मी दर महिन्याला साताऱ्याला जाते, फ्रीजमध्ये काय संपलंय ते बघते, गॅसची नळी तपासते, पण उशाशी कुठली गोळी आहे हे मी कधी विचारलं नाही.

दादाने डबी दिली आणि सांगितलं, आई हे पूर्ण झाडपाल्याचं आहे, मुळाचा अर्क आहे, सवय लागत नाही. एका गोळीत ४५० मिलिग्रॅम सुका अर्क. आईला इतका आनंद झाला! तिला आतून सारखं खात होतं की आपण झोपेची गोळी घेतो, मैत्रिणींना सांगायची लाज वाटायची, त्यामुळे तिने काय केलं तर त्याच रात्रीपासून अल्प्राझोलाम बंद आणि बाल्ड्रिअन चालू. कोणाला सांगितलं नाही. दादा तिसऱ्या दिवशी परत गेला.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री तास-दीड तास झोप. तिसऱ्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही, हात थरथरायला लागले, छातीत धडधड, अंगाला घाम, आणि सकाळी काहीतरी वाईट होणार अशी भीती जी तिला सांगताच येईना. चौथ्या दिवशी पहाटे तीनला मला फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "अगं मला कसंतरीच होतंय." मी पुण्याहून निघाले.

गाडीत असताना ग्रुपवर चर्चा सुरू झाली होती. मावशी म्हणाली ही परदेशी मुळं आपल्याला मानवत नाहीत, आपल्या आयुर्वेदातली तगर द्या, तेच ते व्हॅलेरिअन, आपल्याकडचं. यातला शेवटचा भाग जवळपास बरोबर आहे पण त्यातूनच पुढचा घोळ झाला. शेजारच्या काकूंनी तगर ऐकलं आणि म्हणाल्या अहो मग तुमच्या अंगणातच तर आहे! तगर म्हटलं की आपल्याकडे कोणालाही ती पांढऱ्या फुलांचीच आठवणार, रोज देवाला वाहतो ती. काकूंनी प्रेमापोटी मुळीचा तुकडा काढला, धुतला, आणि "काढा करतेय" म्हणून ओट्यावरचा फोटो ग्रुपवर टाकला. मी शिरवळच्या पुढे होते, फोटो बघून गाडी बाजूला घेतली आणि फोन करून ओरडलेच, टाकून द्या म्हणून.

हे नीट समजून घ्या कारण हा घोळ कोणाच्याही घरी होऊ शकतो. औषधातली तगर हे हिमालयात उगवणारं छोटं रोपटं आहे, शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामांसी, युरोपातल्या व्हॅलेरिअनची सख्खी बहीण, हिची मुळं वासाची असतात. अंगणातली तगर वेगळ्याच कुळातली, कण्हेरीच्या कुळातली, पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि तिच्या मुळाचा झोपेशी काही संबंध नाही. तिच्यात वेगळीच अल्कलॉइड्स असतात, घरी उकळून प्यायची वस्तूच नाही ती. त्यात भर म्हणजे जटामांसी नावाची तिसरी वनस्पती आहे, ती तगरीच्या कुळातली पण वेगळी, तीही झोपेसाठी सांगतात, आणि तगरीच्या शास्त्रीय नावात जटामांसी शब्द आल्यामुळे लेबलं वाचूनसुद्धा गोंधळ होतो. खरी जटामांसी हिमालयातून इतकी ओरबाडली गेलीय की ती आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. तेव्हा नुसत्या नावावर मुळ्या उकळू नका, एवढं कळकळीने सांगते.

साताऱ्याला पोचल्यावर आईला घेऊन थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आई आधी तयार नव्हती, "मला वेड लागलंय का" वगैरे झालं, पण थकली होती म्हणून आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय बंद केलंत? आम्ही सगळे काय चालू केलं यावर भांडत होतो आणि त्यांनी काय बंद केलं हे विचारलं. आई गप्प बसली, मग म्हणाली ती जुनी गोळी.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते मेंदूला शांत करतं, ब्रेकसारखं. अल्प्राझोलाम तो ब्रेक जोरात दाबायला मदत करते. रोज चार वर्षं कोणी बाहेरून ब्रेक दाबत असेल तर मेंदू स्वतःचा पाय सैल सोडतो, आणि मग एका रात्रीत ती मदत काढून घेतली की गाडी उतारावर. धडधड, थरथर, घाम, झोप शून्य, हे सगळं त्यातलं, आणि कधीकधी फिटसुद्धा येऊ शकते. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरणारी असल्यामुळे हे लवकर आणि जोरात होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या गोळ्यांवर सवयीची आणि अचानक बंद करण्याची मोठ्या चौकटीतली ताकीद छापायला लावलीय.

आणि व्हॅलेरिअन? त्यातलं व्हॅलेरेनिक अॅसिड प्रयोगशाळेत त्याच गाबाच्या दारावर काम करताना दिसतं, म्हणजे जागा तीच, पण जोर फार कमी. त्यामुळे अल्प्राझोलामच्या जागी बाल्ड्रिअन म्हणजे तुळईच्या जागी बांबू लावल्यासारखं झालं. पण जागा तीच असल्यामुळे उलट धोकाही आहे, दोन्ही एकत्र घेतलं तर गुंगी वाढू शकते, आणि रात्री बाथरूमला उठलेली ६४ वर्षांची बाई गुंगीत पडली तर मांडीचं हाड जातं. डॉक्टरांनी बाल्ड्रिअन तात्पुरतं बंद केलं, अल्प्राझोलाम जुन्याच डोसवर परत सुरू केली (आई रडली तेव्हा, तिला हरल्यासारखं वाटलं) आणि सांगितलं की आता ही पायरी पायरीने उतरवू.

पॉइंट फाइव्ह, मग त्याच्या पाऊणपट, मग पॉइंट टू फाइव्ह, मग त्याची अर्धी. प्रत्येक पायरीला साधारण तीन आठवडे, शेवटच्याला पाच लागले कारण ती सगळ्यात अवघड गेली. हा आईसाठी ठरवलेला हिशोब आहे, दुसऱ्या कोणी स्वतःवर चालवू नये.

पण खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत झाली. डॉक्टरांनी तिला विचारलं, रात्री जाग नेमकी किती वाजता येते? ती म्हणाली अडीच. रोज? रोज. त्यांनी विचारलं, अडीचला काय होतं? आणि आई म्हणाली, "हे गेले ते अडीचला."

मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. मला माहीत होतं बाबा किती वाजता गेले, दवाखान्याच्या कागदावर वेळ मीच लिहिली होती, पण आईला जाग अडीचला येते हे मला माहीत नव्हतं आणि हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. ती म्हणाली, "त्या रात्री त्यांनी हाक मारली होती आणि मला पहिल्या हाकेला जाग आली नाही असं मला वाटतं." चार वर्षं हे मनात घेऊन ती रोज साडेआठला अंथरुणावर पडत होती.

साडेआठला! कारण एकटीने करायचं काय. साडेआठला पडायचं, साडेनऊपर्यंत कूस बदलायची, अडीचला उठायचं, मग पाचपर्यंत छताकडे बघायचं, आणि दुपारी जेवल्यावर दीड तास झोप. रात्री अंथरुणात साडेआठ तास, झोप पाच तास. डॉक्टरांनी जे सांगितलं ते औषध नव्हतंच. अकराच्या आधी अंथरुणावर जायचं नाही, सकाळी साडेपाचला काहीही झालं तरी उठायचं, दुपारी वीस मिनिटांच्या वर आडवं व्हायचं नाही, चारनंतर चहा नाही, आणि जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत डोळा लागला नाही तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत. घड्याळ भिंतीवरून काढून टाकायचं. याला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत म्हणतात, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय हाच असं सांगितलंय, गोळीच्या आधी. सोबत बाबांबद्दल बोलायला दर आठवड्याला एक समुपदेशक, त्यातलं काय बोलणं झालं ते आईचं आहे, मी लिहिणार नाही.

पहिले दोन आठवडे भयंकर गेले. अकरापर्यंत जागं राहायचं म्हणजे तिला शिक्षाच वाटायची, मग ती वाती वळत बसायची, इतक्या की आमच्या तिन्ही घरांना वर्षभर पुरतील. अडीचला उठली की स्वयंपाकघरात लसूण सोलायची. मी रोज सकाळी सहाला फोन करायचे आणि ती आकडे सांगायची, शिवाय कालनिर्णयच्या चौकोनात जिथे ती दुधाचा हिशोब लिहिते तिथेच खाली झोपेचे आकडे लिहायची. वरच्या खोलीत कॉलेजच्या दोन मुली भाड्याने ठेवल्या. याचा किती फरक पडला ते मोजता येत नाही पण जिन्यावर पावलं वाजली की तिला बरं वाटायचं.

जानेवारीच्या शेवटी अल्प्राझोलाम पूर्ण सुटली. तेव्हा झोप लागायला सरासरी ४० मिनिटं लागत होती, आधी तासभर लागायचा. अडीचची जाग होती पण रोज नाही. आणि मग आईनेच विचारलं की ती डबी आहे ना, आता घेऊन बघू का, दादाने एवढं आणलंय.

डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले, पण फायद्याची खात्री देत नाही म्हणाले. त्या रात्री मी मिळेल ते सगळं वाचलं. २००६ मध्ये एक मोठा आढावा झाला, १६ अभ्यास, १०९३ माणसं, त्यात असं निघालं की झोप बरी वाटते असं म्हणणारे थोडे जास्त आहेत पण अभ्यासांची पद्धत कच्ची आहे. चिंतेबद्दल तर आणखी कमी, त्याच वर्षीच्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास तपासून आढावे काढणारी संस्था) आढाव्यात नियमात बसणारा फक्त एक अभ्यास सापडला, ३६ माणसांचा, त्यावरून काहीच ठरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीने निद्रानाशाला व्हॅलेरिअन वापरू नये असं सुचवलं. पण युरोपची औषध संस्था सौम्य अस्वस्थता आणि झोपेच्या तक्रारीसाठी याच्या अर्काला मान्यता देते, १२ वर्षांखालच्यांना नाही, ४०० ते ६०० मिलिग्रॅम झोपायच्या अर्धा ते एक तास आधी, आणि परिणाम हळूहळू येतो म्हणून दोन ते चार आठवडे सलग घ्यायला सांगते. म्हणजे समुद्राच्या एका बाजूला एक मत आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. पण युरोपात सुद्धा हे "एका रात्रीत झोप" असं कोणी म्हणत नाही, आणि आईने नेमकी तीच अपेक्षा ठेवली होती.

मला वाटलं होतं की आपण नीट प्रयोग करू, दोन सारख्या डब्या, एकीत बाल्ड्रिअन एकीत साधी कसली तरी गोळी, आईला कळू द्यायचं नाही. पण डबी उघडली आणि लक्षात आलं हे शक्यच नाही. तो वास! घामेजलेले मोजे आणि जुनं चीज एकत्र ठेवल्यासारखा, आयसोव्हॅलेरिक अॅसिडचा असतो तो, मुळं वाळली की आणखी वाढतो. आईने डबी कपाटात ठेवली होती तर दोन साड्या उन्हात टाकाव्या लागल्या, आणि शेजारचा बोका खिडकीतून येऊन त्या कपाटाला अंग घासत बसायचा, मांजरांना या वासाचं वेड असतं. मोठ्या अभ्यासांचीही हीच अडचण आहे, वासावरून माणसाला कळतं की आपल्याला खरी गोळी मिळालीय की खोटी, आणि कळलं की झोप बरी वाटायला लागते.

म्हणून साधं ठेवलं. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाच आठवडे रोज रात्री दहाला एक गोळी, बाकी नियम तेच, मग तीन आठवडे बंद, आकडे कालनिर्णयवर. पाच आठवड्यांत झोप लागायचा वेळ ४० वरून ३२ मिनिटांवर आला. रात्री जाग येणं तेवढंच. आई म्हणायची झोप "गाढ" लागते, आणि मी ते खोटं म्हणणार नाही, तिची झोप आहे. सकाळी जडपणा पहिल्या आठवड्यात दोनदा वाटला, पोटात एकदा ढवळलं, बाकी त्रास नाही. मग बंद केलं, आणि पुढच्या तीन आठवड्यांत सरासरी ३१ मिनिटं. म्हणजे सुधारणा चालूच होती, गोळी होती तेव्हाही आणि नव्हती तेव्हाही. एका माणसाच्या आकड्यांवरून व्हॅलेरिअन निकामी असं मी म्हणणार नाही, पण आमच्या घरात मोठं काम त्याने केलं नाही, ते साडेपाचच्या उठण्याने केलं आणि अडीचबद्दल बोलण्याने केलं असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र पुढे उपयोगी पडलं. मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा आई फक्त बीपीची सांगून मोकळी होत होती. झाडपाल्याचं कोणी औषध म्हणून धरतच नाही आपल्याकडे. मी सगळं सांगितलं, अल्प्राझोलाम कधी सुटली, बाल्ड्रिअन कधी बंद केलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं. व्हॅलेरिअन भुलेच्या औषधांची गुंगी वाढवू शकतं, आणि बरीच वर्षं मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर उलटंही होऊ शकतं, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ५८ वर्षांच्या एका माणसाचं असं प्रकरण छापून आलेलं आहे, ऑपरेशननंतर हृदयाचा त्रास आणि भ्रम, आणि डॉक्टरांना व्हॅलेरिअन अचानक सुटल्याचा संशय. तो माणूस इतरही औषधं घेत होता त्यामुळे पक्कं सांगता येत नाही, पण "सवय लागतच नाही" हे दादाचं वाक्य मी आता कोणाला सांगत नाही.

ज्यांच्या घरी अशी स्ट्रिप आहे त्यांनी ती आज रात्री बंद करू नका, डॉक्टरांकडे न्या, स्ट्रिप आणि झाडपाल्याची डबी दोन्ही टेबलावर ठेवा. कोणाकडे जायचं सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

डबीत अजून बऱ्याच गोळ्या आहेत, आईने ती तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर टाकलीय. परवा मी साताऱ्याला गेले होते, कालनिर्णय बघितलं. चौकोनात दूध एक लिटर, आणि खाली तिच्या शाळेच्या अक्षरात: ११.१० ते ५.३०, मधे एकदा उठले, किती वाजता ते बघितलं नाही.